चित्रकाराची शैली डोक्यातून येते की रंगाच्या डबीतून? (औंध, हळदणकर, व्हॅन गॉग आणि बरंच काही)

अजिंक्यताऱ्याखाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकतो. मोठं होणारे, चहा घेऊनच बसा.

एका हातात दिवा आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केलेली ती बाई आपण सगळ्यांनी बघितलीय. कॅलेंडरवर, फोटोफ्रेमच्या दुकानात, कुणाच्या तरी हॉलमध्ये. निम्म्या लोकांना ते रविवर्म्याचं चित्र वाटतं. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं, नाव 'ग्लो ऑफ होप', मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये. समोर उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी गीता. त्या पुढं कोल्हापूरला असायच्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या.

आता माझा मुद्दा असा की ते चित्र जलरंगात आहे. तैलरंगात नाही! ज्यांनी कधी जलरंग हातात धरलाय त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. तेलात तुम्ही आधी सगळं अंधारात बुडवून शेवटी ज्योतीवर पांढऱ्या-पिवळ्याचा एक जाड ठिपका ठेवू शकता. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. ज्योत जिथं आहे, बोटांच्या फटीतून जिथं उजेड झिरपतोय तिथला कागद पहिल्या ब्रशपासून शेवटच्या ब्रशपर्यंत राखून ठेवायचा आणि आजूबाजूचा काळोख वॉशवर वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे हात) देत हळूहळू गडद करत न्यायचा. एवढा मोठा काळोख जलरंगात डाग न पडता, खालचा थर न उचकटता चढवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आणि मला वाटतं त्या चित्रातला उजेड जो आतून आल्यासारखा दिसतो तो म्हणूनच, कारण तो खरोखर आतून येतोय, रंगाच्या पातळ थरातून जाऊन कागदावर आपटून परत येणारा प्रकाश आहे तो.

तर माझं म्हणणं एवढंच की आपण शैली शैली म्हणतो तेव्हा फक्त चित्रकाराच्या मनाबद्दल, स्वभावाबद्दल, प्रेमभंगाबद्दल बोलत बसतो. पण रंग ओला किती वेळ राहतो, पुसता येतो का, पारदर्शक आहे का, ब्रश कडक की मऊ, भिंत की कागद, यावर अर्धी शैली ठरते. पुस्तकं आणि मोबाईलच्या स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच गुळगुळीत पृष्ठभागावर येतात त्यामुळं हे आपल्याला दिसतच नाही.

आपल्या जिल्ह्यात औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे, रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं बघायला मिळतात. तुम्हाला काय वाटतं, आणि कुठल्या चित्रात तंत्र तुम्हाला थेट दिसलंय ते सांगा.

जलरंगवेडी

पहिली मी! दादा, राखून ठेवलेल्या कागदाबद्दल अगदी मनातलं बोललात. आमच्या सरांचं एकच वाक्य असायचं, आधी उजेड कुठाय ते ठरव मग पाण्यात ब्रश घाल. मी स्वतः दिव्याचं चित्र करून बघितलंय, तिसऱ्या वॉशला खालचा रंग सुटतो आणि चिखल होतो. हळदणकरांचा तो जांभळट काळोख कसा स्वच्छ राहिलाय हे बघून अजूनही अंगावर काटा येतो.

पण एक विचारायचंय. व्हॅन गॉगचे ते फराटे मुद्दाम केलेले की तेलरंग जाड घेतला की आपोआप तसंच होतं?

खणभागातला

जलरंगवेडी, मी व्हॅन गॉगवर बोलू शकतो, माझं आवडतं प्रकरण आहे ते.

आपोआप काही होत नाही, पण नुसतं मनात आलं म्हणूनही होत नाही. दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे रंगाची ट्यूब. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं पत्र्याच्या दाबायच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग घोटायचा, डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचा, उघडला की वाळायला लागायचा. ट्यूब आल्यावर लोण्यासारखा तयार रंग खिशात टाकून माणूस शेतात जाऊन उभा राहिला. व्हॅन गॉगकडं भाऊ थिओ पॅरिसहून ट्यूबा पाठवायचा, त्याच्या पत्रांत रंगांच्या ऑर्डरी असतात, एवढा पिवळा पाठव, एवढा पांढरा पाठव. तो जाड थर या ट्यूबांशिवाय झालाच नसता.

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला आल्यावर तो तिथल्या देवनळाच्या पोकळ काड्या तासून त्यानं ड्रॉइंग करायला लागला. म्हणजे आपला बोरूच की! बोरूत शाई थोडीशीच मावते, एक फटका मारला की संपली, परत बुडवा. त्यामुळं लांब सलग रेघ येतच नाही, छोट्या रेघा, ठिपके, अर्धगोल, काड्या असंच येतं. गवताला एक प्रकारचा फटका, आभाळाला दुसरा, नांगरटीला तिसरा. आता त्याची आर्लची ड्रॉइंगं आणि त्याच वेळची तैलचित्रं शेजारी शेजारी ठेवा. ब्रशचे फटके तेच आहेत, बोरूतून ब्रशमध्ये आलेले. 'स्टारी नाईट' जून १८८९ चं, म्हणजे सेंट रेमीच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात असताना केलेलं, त्यातलं आभाळ बघताना लोक वेडाबद्दल बोलतात. मला तिथं बोरू दिसतो.

हळदबाजार

खणभागातला, कडक माहिती! बोरूचं माहितीच नव्हतं. आमच्या आजोबांचं मोडीचं अक्षर बोरूचं होतं, त्यात पण असेच फटके.

वाईकर_मेणवली

धागा बुकमार्क केला. मला भिंतीबद्दल लिहायचंय.

आमच्या वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवरची जुनी चित्रं आहेत. ती बघायला गेलात की लोक तो कुठल्या सिनेमात दिसलेला घाट ते विचारत पुढं जातात, पण भिंतीपाशी थांबून बघा. भिंतीवर काढणं हा कागदापेक्षा सगळा वेगळाच खेळ आहे.

ओल्या चुन्यावरचं काम म्हणजे खरा फ्रेस्को. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड बनतो आणि रंग त्या दगडात अडकतो, वेगळा डिंक वगैरे लागतच नाही. पण अट अशी की गिलावा ओला आहे तोवरच काम संपवायचं. म्हणून दिवसभरात होईल तेवढाच तुकडा गिलावा करायचा, तेवढाच रंगवायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. मायकेलँजेलोनं रोमच्या सिस्टाईन चॅपेलचं छत १५०८ ते १५१२ असं केलं, आणि जवळून अभ्यास करणारे लोक या रोजच्या तुकड्यांचे सांधे मोजून कुठली आकृती किती दिवसांत झाली ते सांगतात. तिथल्या ठाम बाह्यरेषा, मोठमोठे स्वच्छ रंग, घाईतला आत्मविश्वास, हे सगळं त्या ओल्या चुन्यातून आलंय. पुसापुशी करायची तर गिलावा खरवडून पहिल्यापासून.

आता लिओनार्डो. त्याचा स्वभाव बरोबर उलटा. एक ब्रश मारायचा, मग विचार करायचा, आठवड्यानं परत यायचा. त्याची ती धुरकट कडा, जिथं गालाची सावली कुठं सुरू होते ते सांगता येत नाही, ती तेलाच्या पातळ पातळ थरांतून येते आणि त्याला वेळ लागतो. अशा माणसाला ओला चुना कसा परवडणार? म्हणून मिलानमध्ये 'लास्ट सपर' करताना, १४९५ ते ९८ च्या दरम्यान, त्यानं वाळलेल्या भिंतीवरच रंग लावला. पाहिजे तेवढा वेळ मिळाला, पाहिजे तेवढ्या बारीक छटा आल्या, आणि तो जिवंत असतानाच रंग सुटायला लागला. शेवटची मोठी दुरुस्ती १९७८ ते १९९९ अशी वीसेक वर्षं चालली, आणि तरी मूळ लिओनार्डो त्यात थोडाच उरलाय.

म्हणजे ज्या सवयीमुळं मोनालिसा मोनालिसा झाली त्याच सवयीनं ते भिंतीवरचं चित्र संपवलं. हे मला फार लागतं मनाला.

अजिंक्यताऱ्याखाली

वाईकर काय लिहिलंय राव! एक भर घालतो. अजिंठा पण वाळलेल्या थरावरच आहे बरं का, युरोपातल्यासारखा ओला फ्रेस्को नाही. मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा, गवत असलं काय काय, वर चुन्याचा पातळ हात आणि मग चिकट पदार्थात कालवलेले रंग. त्यामुळं तिथल्या चित्रकाराला घाई नव्हती, म्हणून तिथल्या बोधिसत्व पद्मपाणीच्या भुवईची ती एकच लांब संथ रेघ शक्य झाली असावी असं मला वाटतं. लेणी डोंगराच्या पोटात, ऊनपावसाचा थेट मारा नाही, म्हणून एवढी शतकं टिकली. उलट गेल्या शतकात जपायच्या नादात वरून शेलॅक (लाखेचं वार्निश) लावलं ते पिवळं पडलं आणि रंग झाकोळले.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना अजिंठ्याचं भारी वेड होतं. राजा असून स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे ते हेच. यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, १९३८ ला.

बोर्डपेंटर_मिरज

रामराम मंडळी. मी शिकलेला न्हाई, जे जे ला गेलो न्हाई, पण रंगातच आयुष्य गेलं म्हणून लिवतो.

आमी सिनेमाचे बोर्ड करायचो. मिरज, सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर. एक फोटो मिळायचा हातावर मावंल एवढा. त्याच्यावर चौकटी पाडायच्या, बोर्डावर तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडायच्या आणि चौकटीत चौकट बघून उतरवायचं. पावडर रंग जवसाच्या तेलात कालवायचा. आता ऐका, गालावर आमी काय गुळगुळीत घासत न्हाई बसायचो. एक पट्टा तांबडा, शेजारी पट्टा पिवळा, सावलीला सरळ निळा न्हाईतर हिरवा पट्टा. जवळून बघितलं तर तोंडाला कुणी चिखल फासलाय असं वाटायचं. परांचीवरनं उतरून रस्त्याच्या पलीकडं चहाच्या गाड्यापाशी जाऊन बघितलं की बरोब्बर हिरॉइन हसतीय. आमचा उस्ताद दर तासाला पलीकडं पाठवायचा, जा बघून ये म्हनून. जवळून चांगलं दिसतंय म्हंजे बोर्ड बिघडला, असं त्याचं म्हननं.

एम. एफ. हुसेन साहेब आपल्या पंढरपूरचे, १९१५ चा जल्म. त्यांनी पण मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवलेत तरुणपणी. त्यांचे घोडे बघा. रेघ एका दमात, हात खांद्यातनं फिरतोय, मनगटातनं न्हाई. बारीक घासाघीस कुठं न्हाई. लोक म्हनत्यात मॉडर्न आर्ट, मला तर बोर्डपेंटरचा हात दिसतो, वळखीचा.

फ्लेक्स आला आणि आमचं बंद झालं. पण हात इसरत न्हाई.

जलरंगवेडी

काका, साष्टांग नमस्कार तुम्हाला. ही माहिती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

खणभागातला

बोर्डपेंटर काका, तुम्ही जे पट्टे सांगितले तेच पॅरिसमध्ये जॉर्ज सरा करत होता, फक्त पट्ट्याच्या जागी ठिपके. त्याचं 'ला ग्रांद जात'चं मोठं चित्र, १८८४ ते ८६, साधारण दोन मीटर बाय तीन मीटर, सगळं ठिपक्या ठिपक्यांचं. पॅलेटवर रंग मिसळायचा नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळू द्यायचा. तुमचा चहाचा गाडा त्याच्या हिशोबात धरलेला होता म्हणा. त्यात त्यानं तेव्हा नवीनच निघालेला झिंक यलो नावाचा पिवळा वापरला आणि तो काही वर्षांतच तपकिरी पडायला लागला, गवतावरचं ऊन विझलं. आज आपण बघतो ते त्यानं केलेलं नेमकं चित्र नाहीच.

व्हॅन गॉगचंही तेच. त्याची ती झोपायची खोली, निळ्या भिंतींची. पत्रात तो स्पष्ट लिहितो की भिंती फिक्या जांभळ्या आहेत. जांभळ्यातला तांबडा उडून गेला आणि निळा उरला. त्याला जांभळ्यासमोर पिवळा पलंग पाहिजे होता, कारण जांभळा आणि पिवळा समोरासमोर ठेवले की एकमेकांना उचलून धरतात. आपण निळ्या भिंतीवर शांत, उदास वगैरे लिहीत बसतो, आणि ती उदासी अर्धी रासायनिक आहे.

तासगावकरीण

चर्चा छान चाललीय पण मला जरा वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

तंत्र तंत्र किती करायचं? रंग सगळ्यांना तेच मिळत होते की. त्या काळात हजारो लोकांकडं तेच तेलरंग होते, हॉलंडचा व्हर्मीर एकच झाला. शेवटी बघणारा डोळा आणि आतला विचार महत्त्वाचा. आपल्याकडचे वासुदेव गायतोंडे घ्या, तिथं काय तंत्र आहे? नुसता रंगाचा पसरलेला अवकाश. ध्यानाला बसलेल्या माणसाचं चित्र आहे ते. तिथं ब्रश, भिंत, चुना हे सगळं गळून पडतं.

अजिंक्यताऱ्याखाली

तासगावकरीण ताई, राग कसला, असं कुणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं. पण गायतोंड्यांचं उदाहरण तुम्ही घेतलंत आणि नेमकं तेच माझ्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण आहे.

गायतोंडे, १९२४ ते २००१, ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाईफनं (रंग पसरायच्या बोथट सुरीनं) काम करायचे. रंगाचा थर द्यायचा, तो अर्धवट ओला असताना त्याच्यावर कागदाचे तुकडे दाबायचे आणि उचलायचे, काही रंग कागदाबरोबर निघून जायचा, खालचा थर डोकवायचा. मग परत थर. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. आता विचार करा, ब्रशचा फटका म्हणजे हाताची खूण, इथं कुणीतरी उभं राहून हात फिरवला याची सही. ती सहीच त्यांनी रोलरनं काढून टाकली. म्हणून ते चित्र कुणी केलंय असं वाटत नाही, तयार होत गेलंय असं वाटतं, धुकं उतरावं तसं. ध्यान वाटतं ते त्यामुळंच! विचार त्यांचा होताच, पण तो विचार ब्रशनं कॅनव्हासवर उतरलाच नसता.

व्हर्मीरचंही ऐका. मोत्याच्या कानातल्याची मुलगी, १६६५ च्या आसपासची. तिच्या डोक्याला बांधलेल्या कापडाचा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाचा, तेव्हा अतिशय महाग. आणि तो मोती, ज्याच्यावरनं चित्राला नाव पडलं, तो जवळून बघितला तर मोती नाहीच आहे. वरच्या बाजूला पांढऱ्याचा एक जाड ठिपका आणि खाली कॉलरच्या उजेडाचा एक पुसट हात. बाह्यरेषा नाही, कानात अडकवायची कडी पण नाही. उरलेला मोती आपण डोळ्यानं भरून काढतो. हे त्याला सुचलं हे खरंच, पण सुचलं कारण तेलरंगात जाड आणि पातळ असे दोन आवाज एकाच रंगातून काढता येतात.

मागची ती काळीभोर पार्श्वभूमी पण सुरुवातीला तशी नव्हती, तिथं हिरवा पडदा होता, पारदर्शक हिरव्या थराचा, तो काळवंडला. अलीकडच्या तपासणीत कळलं हे.

तासगावकरीण

कागद दाबून उचलायचं मला खरंच माहिती नव्हतं. आता गायतोंडे परत बघायला पाहिजेत. तरीही म्हणेन की रोलर निवडला कुणी? मनानंच ना.

वाईकर_मेणवली

ताई, निवडला मनानं आणि मग रोलरनं मनाला वळण लावलं. दोन्ही बाजूंनी चालतं ते.

मुलगावकर_फॅन

कॅलेंडर आर्टचा कुणी उल्लेखच केला नाही म्हणून आलो.

रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल. दोघांनीही आपल्या आईआज्यांच्या घरातल्या भिंती सजवल्या, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली, आणि दोघांची चित्रं शंभर पावलांवरनं वेगळी ओळखू येतात. का? मुळगावकर एअरब्रश चालवायचे, म्हणजे हवेच्या दाबानं रंगाचा बारीक फवारा. फवाऱ्याला कडा नसते, सावली कुठं संपली ते कळत नाही, ब्रशची एक खूण नाही. म्हणून त्यांचा कृष्ण, त्यांची देवी अशी माणसाच्या हातानं न केल्यासारखी, तेजाळ दिसते. देवासाठी याहून योग्य तंत्र दुसरं कुठलं असणार? आणि दलालांची रेघ बघा, ब्रशची लयदार रेघ, सपाट रंग, बाई वळलीय ते एका रेघेत. दलाल माणसं काढायचे, चालतीबोलती.

आमच्या घरी मुळगावकरांची लक्ष्मी अजून आहे, देवघराशेजारी. रंग जरा उडालाय.

हळदबाजार

मुळगावकरांची आठवण काढलीत, बरं वाटलं. रविवर्म्याच्या छापील चित्रांबद्दल पण लिहा कुणीतरी. आमच्याकडं सरस्वती होती.

अजिंक्यताऱ्याखाली

हळदबाजार, रविवर्म्यावर लिहायचंच होतं, औंधचा विषय त्यासाठीच काढला.

रविवर्मा १८४८ चा, तेलरंग त्याला कुणी नीट शिकवला नाही. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा परदेशी चित्रकार आला होता, त्याचं काम बघून बघून तो शिकला. तेलरंग सावकाश वाळतो, दोन छटा ओल्यातच एकमेकांत मुरवता येतात, म्हणून त्याच्या बायकांची कातडी अशी जिवंत, उबदार. आणि जर! जरीचा पदर मूळ चित्रात बघताना मी कितीतरी वेळ उभा होतो. लांबून वाटतं एकेक धागा विणलाय. जवळ गेलं की गडद मातकट पट्टा आणि त्याच्यावर ब्रशच्या टोकानं टेकवलेले फिक्या पिवळ्याचे थोडेसे उंचवटे, तेही सगळीकडं नाहीत, फक्त जिथं घडी उजेडाकडं वळते तिथं. त्या उंचवट्यावर खोलीतला खरा उजेड पडतो आणि जर चमकते. तुम्ही एक पाऊल सरकलात की चमक पण सरकते. हे कुठल्याच छपाईत येणार नाही.

आणि घराघरात गेली ती छपाईच. १८९४ ला त्यानं मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, छटा ठिपक्यांनी आणायच्या. त्यात मुरवलेली कातडी गेली, जरीचा उंचवटा गेला, राहिली ती रेघ, चेहरा आणि भडक रंग. वर तेलचित्रासारखं दिसावं म्हणून चकाकी. आपल्या लक्ष्मी-सरस्वतीचं रूप त्या दगडांनी ठरवलंय असं म्हटलं तरी चालेल. नंतरच्या समीक्षकांनी रविवर्म्याला गोडगोड, भडक म्हणून नावं ठेवली त्यातली बरीचशी त्या छापील चित्रांची, म्हणजे ओलिओग्राफची होती. मूळ चित्रासमोर उभं राहून ते म्हणणं अवघड आहे.

कृष्णाघाट

सांगलीकर आहे, २०१९ च्या पुरातलं सांगतो.

आमच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. भिंतीवर दोन चित्रं होती. एक पणजोबांचं तैलचित्र, एक आत्यानं इंटरमिजिएटच्या वेळी केलेलं पोस्टर कलरचं स्थिरचित्र, तांब्या आणि संत्री. पाणी ओसरल्यावर बघितलं तर पणजोबा गाळानं भरलेले, फ्रेम फुगलेली, पण मऊ कापडानं अलगद पुसलं तर चेहरा होता तसा. आत्याच्या चित्रात नुसता पांढरा कागद आणि खाली तपकिरी ओघळ. संत्र्याची पेन्सिलची गोल रेघ तेवढी राहिली होती.

नंतर एका चित्रकला शिक्षकांनी सांगितलं, पोस्टर कलर डिंकासारख्या पदार्थात कालवलेला असतो, तो वाळला तरी पाण्यात परत सुटतो. तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेशी मिळून घट्ट होतं, एकदा घट्ट झालं की परत द्रव होत नाही. आत्याला फार वाईट वाटलं. ती आता परत चित्रं काढतेय, या वेळी अ‍ॅक्रिलिकमध्ये.

जलरंगवेडी

कृष्णाघाट, वाचून कसंतरीच झालं. आत्यांना नमस्कार सांगा आणि त्यांची नवीन चित्रं इथं टाका प्लीज.

इंटरमिजिएटवरनं आठवलं, आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएट पोस्टर कलरवर दिलेले लोक. सपाट, अपारदर्शक, वर काळी आउटलाइन. वर्गातल्या सगळ्यांची स्मरणचित्रं सारखीच दिसायची, तीच जत्रा, तोच फुगेवाला. मुलांची कल्पना सारखी नसते ओ, रंग सारखा असतो. मी आता माझ्याकडं येणाऱ्या मुलांना एकच विषय कोळसा, जलरंग आणि तेलखडू अशा तिन्हीत करायला देते. बाजाराचा दिवस दिला होता. कोळशात सगळ्यांनी गर्दी काढली, तेलखडूत भाजीचे ढीग, आणि जलरंगात जवळजवळ सगळ्यांनी आभाळ मोठं केलं! मी काहीच सांगितलं नव्हतं.

तासगावकरीण

जलरंगवेडी ताई, हे मात्र पटलं. आभाळाचं तर फारच.

खणभागातला

कुणाला घरबसल्या करून बघायचं असेल तर एक सांगतो. मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज', १८७२ चं, ल आव्र बंदराचं, ज्याच्यावरनं इम्प्रेशनिस्ट हे नाव पडलं. मोबाईलवर चांगली इमेज उतरवून घ्या आणि एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य गायब होतो! जवळजवळ पूर्ण. कारण मोनेनं नारिंगी सूर्य मागच्या राखाडी आभाळाएवढाच उजळ ठेवलाय, फरक फक्त रंगाचा आहे, उजेडाचा नाही. मेंदूत उजेड ओळखणारा भाग वेगळा आणि रंग ओळखणारा वेगळा, एकाला सूर्य दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन बाईंनी हे दाखवून दिलंय. मोनेनं मेंदूचा अभ्यास केला नव्हता, तो धुक्यात उभा राहून ओल्या रंगावर ओला रंग लावत होता आणि डोळे बारीक करून बघत होता.

हळदबाजार

आत्ता करून बघितलं. गेला की सूर्य!! बायकोला पण दाखवलं, ती म्हणाली परत रंगीत कर बघू.

बोर्डपेंटर_मिरज

डोळे बारीक करून बघायचं आमचा उस्ताद पण सांगायचा. रंग इसर, उजेड बघ म्हनायचा. हितं तर उलटंच की, उजेड इसर रंग बघ. लई भारी.

औंधला कुणी जाणार असंल तर मला सांगा, मला ती जर बघायची हाय.

अजिंक्यताऱ्याखाली

काका, जायचंच. साताऱ्याहून मी आणि वाईकर निघतो, तुम्ही मिरजेहून विट्याच्या बाजूनं येऊ शकाल. रविवारी संग्रहालय उघडं असतं का ते फोन करून विचारतो आणि इथंच टाकतो.

जाणाऱ्यांना एक सूचना. चित्रासमोर नाक लावून उभं राहू नका, आधी बाजूला, अगदी फ्रेमच्या कडेला उभं राहून तिरकं बघा. खिडकीतला उजेड तिरका पडत असेल तर जाड रंग कुठाय, पातळ कुठाय, चेहऱ्यावर किती आणि पदरावर किती हे सगळं उठून दिसतं. मग समोर या. हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प पण तिथंच आहे, त्याच्याभोवती फिरायला वेळ ठेवा.

तासगावकरीण

मी पण येते. तासगावहून गाडीत दोन जागा आहेत, सांगलीतलं कुणी असेल तर मेसेज करा.

कृष्णाघाट

एक जागा आत्यासाठी धरा ताई.